कौशल्य कुणाच्या खिशात जातं?

पैसे लावून पूल (टेबलावरचे चेंडू काठीने भोकांत पाडायचा खेळ) खेळणाऱ्याला जुगारी म्हणा, तो लगेच उसळतो. "हा नशिबाचा खेळ नाही. इथे फासे नाहीत, पत्ते पिसणं नाही. नजर लागते, हात लागतो, वर्षानुवर्षांचा सराव लागतो." रमीवाला हेच म्हणतो, पोकरवाला हेच म्हणतो, आणि बुद्धिबळाच्या पटावर पैज लावणारा तर नुसतं विचारलं तरी दुखावतो. ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण आपल्या मनात एक रेघ आधीच ओढलेली असते: नशिबावर पैसे लावणं वाईट, हुन्नरावर लावणं चालतं. कितीतरी देशांचे कायदे याच रेघेवर उभे आहेत. अमुक खेळात कौशल्याचा वाटा जास्त की नशिबाचा, यावर न्यायालयांनी दशकंच्या दशकं खल केला आहे.

मला ही रेघ चुकीच्या जागी ओढलेली वाटते. पैसे लावून खेळणं हे मुळातच पाप आहे असं मी मानत नाही. मी स्वतः पूल खेळतो आणि हरणाऱ्याने टेबलाचं भाडं द्यायचं ही पैज सहसा नाकारत नाही. पण 'हा कौशल्याचा खेळ आहे' एवढ्यावर कुणी सुटका मागितली, तर ती द्यायला मी तयार नाही. कौशल्य जितकं जास्त, तितकी कच्च्या खेळाडूची हार पक्की. फाशांपुढे सगळे सारखेच अडाणी असतात. पूलच्या टेबलापुढे तसं नसतं.

हिशेब करून पाहू. समजा एक खेळाडू दुसऱ्यापेक्षा किंचित सरस आहे, इतका किंचित की शंभर रॅकपैकी (रॅक म्हणजे पूलचा एक डाव) तो 55 जिंकेल आणि दुसरा 45. शेजारी उभं राहून बघणाऱ्याला हा फरक दिसणारही नाही. जो आधी 9 रॅक जिंकेल तो विजयी असा सामना लावला, तर सरस खेळाडू साधारण तीनात दोनदा जिंकेल. तोच सामना 100 रॅकपर्यंत लांबवला, तर तो दहात नऊ वेळांहून जास्त जिंकेल. नशीब आपला हात दाखवतं ते छोट्या सामन्यात. खेळ लांबला की ते दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि खाली उरतो तो फक्त फरक. रात्रभर चाललेल्या खेळात कच्च्या खेळाडूला 'आज दिवस माझा नव्हता' असं वाटत राहतं. दिवस त्याचाच होता. माणूस चुकीचा निवडला होता.

यात भर पडते ती खिशाच्या खोलीची. दोघं अगदी तुल्यबळ आहेत असं धरा. एकाकडे 100 नाणी, दुसऱ्याकडे 900, प्रत्येक डावाला एक नाणं, आणि एकजण कफल्लक होईपर्यंत उठायचं नाही. ज्याच्याकडे 100 आहेत तो सगळं जिंकून उठण्याची शक्यता दहात एक. खेळ निखळ न्याय्य, प्रत्येक डावात दोघांना समान संधी, आणि तरी दहापैकी नऊ वेळा घरी रिकाम्या हाताने जाणारा आधीच ठरलेला. (संभाव्यतेचं गणित जन्मालाच आलं ते अशा प्रश्नांतून. 1654 साली पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचा विषय होता, अर्धवट थांबलेल्या खेळातले पैसे कसे वाटायचे. जुगाराने जगाला काहीच दिलं नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं.)

महाभारतात ही गोष्ट स्पष्ट आहे, आपण ती वाचत नाही. शकुनीचे फासे कपटाचे होते, असं म्हटलं की युधिष्ठिराची जबाबदारी संपते. पण डाव मांडण्याआधीच शकुनी दुर्योधनाला सांगतो की कुंतीपुत्राला द्यूताची आवड आहे, खेळता मात्र येत नाही. कपट असो वा नसो, निकाल तिथेच लागला होता. पुढे वनवासात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. नलही असाच सगळं हरलेला. ऋतुपर्ण राजाकडून अक्षविद्या, म्हणजे फाशांची विद्या, शिकल्यावरच तो ज्याच्याशी हरला त्या पुष्कराशी पुन्हा खेळायला बसतो आणि राज्य परत मिळवतो. कथा संपल्यावर बृहदश्व 'आता फाशांना हात लावू नकोस' असं बजावून निघून जात नाहीत. ते युधिष्ठिराला ती विद्याच देतात. नीतीचे धडे देणाऱ्या मंडळींना हा शेवट अडचणीचा वाटत असावा, कारण तो फारसा कुणी सांगत नाही.

मग रेघ ओढायची कुठे? मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर सोळाव्या शतकातल्या एका अट्टल जुगाऱ्याचं आहे. जिरोलामो कार्दानो हा इटालियन वैद्य आणि गणिती. जुगाराने त्याच्या आयुष्याची बरीच माती केली. त्याने खेळांवर लिहिलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की जुगाराचं मूळ तत्त्व एकच, परिस्थितीची समानता: प्रतिस्पर्धी, बघे, पैसा, जागा, फासे, सगळ्यांत. ही समानता मोडली आणि फायदा समोरच्याला असला, तर तुम्ही मूर्ख. फायदा तुम्हाला असला, तर तुम्ही अन्यायी. त्याच्या यादीत 'कौशल्याचा खेळ' आणि 'नशिबाचा खेळ' अशी वाटणी करून एकाला मोकळीक दिलेली नाही. आणि यादीत बघेही आहेत, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यांच्याकडे परत यायचं आहे.

पूलच्या दुनियेने ही समानता आणायची स्वतःची पद्धत घडवली आहे, आणि बाहेरच्यांना तिचा पत्ताच नसतो. पैसे लावून खेळायचं तर आधी बोलणी होतात, कधीकधी खेळापेक्षा लांब. सरस खेळाडूने कच्च्याला किती सवलत द्यायची? नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात चेंडू क्रमाने मारायचे आणि 9 नंबरचा जो भोकात घेईल त्याचा रॅक. इथे सरस खेळाडू 'तुला आठ दिला' म्हणतो, म्हणजे कच्च्याने 8 नंबरचा घेतला तरी रॅक त्याचा. फरक मोठा असेल तर सातही. किंवा सामना सुरू होण्याआधीच कच्च्याच्या नावावर दोन-तीन रॅक लिहून टाकायचे. किंवा प्रत्येक ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, त्याला द्यायचा. लहानपणी खेळात 'कच्चं लिंबू' असायचं, त्याचंच हे मोठ्यांचं, पैशांच्या हिशेबाने मापलेलं रूप. ही घासाघीस मी ऐकली आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. दोन माणसं समोरासमोर उभी राहून 'तू माझ्यापेक्षा किती चांगला आहेस' हे मोजायचा प्रयत्न करतात, आणि मापात चूक झाली तर किंमत मोजतात. एवढा प्रामाणिक संवाद दुसऱ्या कुठल्या व्यवहारात होतो?

अडचण अशी की खोटेपणाही नेमका इथेच शिरतो. हातचं राखून खेळायचं, दोन-तीन सोपे चेंडू सोडायचे, थोडे पैसे हरायचे, समोरच्याला चढवायचं, मग पैज दुप्पट करून खरा खेळ दाखवायचा. अशा माणसाला इंग्रजीत हसलर म्हणतात आणि त्याच्याभोवती एक रंगेल वलय आहे. एफ्रेन रेयेस या फिलिपिनो खेळाडूची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: 1985 साली तो अमेरिकेत सीझर मोरालेस या नावाने खेळायला उतरला, कारण त्याचं खरं नाव त्याच्या चेहऱ्याच्या आधी तिथे पोहोचलं होतं. ऐकणारा हसतो, वाहवा करतो. रेयेसचा खेळ पाहून मीही वाहवा करतो. पण टोपणनावाची गोष्ट मला त्याच्या कर्तबगारीत मोजता येत नाही. त्याच रेयेसने 1996 साली हाँगकाँगमध्ये अर्ल स्ट्रिकलंड या अमेरिकी खेळाडूशी एक सामना खेळला, 120 रॅकपर्यंतचा, तीन दिवसांचा. जिंकणाऱ्याला 1,00,000 डॉलर, हरणाऱ्याला काहीच नाही. कोण कुणाशी खेळतो आहे हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. रेयेस 120-117 असा जिंकला. वरचा हिशेब आठवा: इतक्या लांबच्या सामन्यात फक्त तीन रॅकचा फरक पडला, यावरूनच ती जोडी किती तोलामोलाची होती ते कळतं. तिथे पणाला लागलेली रक्कम बहुतेक अड्ड्यांवर वर्षभरातही फिरत नसेल, तरी त्या सामन्याला डागाळलेला म्हणावं असं मला काही दिसत नाही.

लोकांच्या मनात मात्र हा हिशेब उलटाच असतो. 1978 साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर विली मॉस्कोनी आणि 'मिनेसोटा फॅट्स' म्हणून प्रसिद्ध असलेला रुडॉल्फ वॉंडरोन यांचा सामना झाला. मॉस्कोनी म्हणजे सलग 526 चेंडू न चुकता घेण्याचा विक्रम 1954 साली ज्याने केला, तो माणूस. पैशांसाठी लोकांना फसवणाऱ्या खेळाडूंचा त्याला मनापासून तिटकारा होता, कारण त्यांच्यामुळे खेळाचं नाव खराब होतं असं तो मानायचा. फॅट्सच्या नावावर एकही मोठी स्पर्धा नव्हती, होत्या त्या गप्पा. मॉस्कोनी जिंकला, आणि प्रेक्षकांचा लाडका ठरला फॅट्सच. आपण एकीकडे पूल हॉलकडे नाक मुरडतो आणि दुसरीकडे तिथल्या सगळ्यात लबाड माणसाच्या गोष्टी चवीने ऐकतो.

नाक मुरडण्याला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्यासाठी लोक ज्या खोल्यांत जमत, तिथे दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून टेबलं मांडली गेली. बदनामी जागेची होती, चिकटली खेळाला.

पैसे लावण्याला सरसकट विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो: घाम न गाळता मिळालेला पैसा माणसाला बिघडवतो. कधी बिघडवतो, हे खरं. पण याच मंडळींना स्पर्धेच्या बक्षिसाबद्दल तक्रार नसते. छोट्या स्पर्धांत बक्षीस येतं कुठून? बऱ्याचदा खेळाडूंच्याच प्रवेश शुल्कातून. बत्तीस जण पैसे टाकतात, तीन-चार जण घेऊन जातात, बाकीचे हरतात. मधे एक चषक आणि हार ठेवला की तो क्रीडा महोत्सव होतो. टाळ्या वाजवणाऱ्याने हा फरक एकदा स्वतःला समजावून सांगावा. मला विचाराल तर फरक आहे, पण तो पैशाच्या पावित्र्याचा नाही. स्पर्धेत नुकसान किती होणार हे आत शिरतानाच ठरलेलं असतं, आणि सामना संपला की घरी जावं लागतं. पैजेच्या टेबलावर 'अजून एक' म्हणता येतं.

आता कार्दानोच्या बघ्यांकडे येऊ. पूलमध्ये पैसे बऱ्याचदा खेळाडूचे नसतातच. मागे एखादा पाठीराखा असतो. हरला तर त्याचे गेले, जिंकला तर वाटणी. त्याच्याही भोवती बाजूने पैसे लावणारे असतात. इथे खेळाडूला एक नवी वाट दिसते: मुद्दाम हरायचं आणि समोरच्या बाजूकडून आपला हिस्सा घ्यायचा. पाठीराखा बुडतो, खेळाडू मात्र हरूनही कमावतो. दोघांनी आपापले पैसे आपसात लावले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. मुद्दाम हरून स्वतःचाच खिसा कोण रिकामा करेल? तिसऱ्याचा पैसा आला की हरण्यालाही किंमत येते.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली की तिला सामनानिश्चिती म्हणतात. स्नूकरमध्ये स्टीफन ली या खेळाडूवर 2013 साली बारा वर्षांची बंदी आली. 2023 साली दहा चिनी खेळाडूंना एकाच प्रकरणात शिक्षा झाली आणि त्यातल्या लियांग वेनबो आणि ली हांग या दोघांवर आजन्म बंदी घातली गेली. ही मंडळी टेबलावर कौशल्य दाखवणारीच होती, आणि कौशल्य अंगात होतं म्हणूनच त्यांचं ठरवून हरणं खपण्याजोगं होतं. नवख्याच्या हरण्याला बाजारात भाव नाही.

आणि आता शेवटचा पक्ष, ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं: अड्ड्याचा मालक. दोन भिडू आपसात खेळले तर एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याकडे जातात. मध्ये मालक आला की दोघांचेही थोडे थोडे त्याच्याकडे जातात. युरोपीय रूलेटच्या चाकावर 37 घरं असतात, एका आकड्यावर जिंकलं तर लावलेले पैसे परत आणि वर त्यांच्या 35 पट मिळतात. या दोन आकड्यांच्या फटीतून दर शंभरामागे सरासरी 2.7 मालकाच्या गल्ल्यात पडतात. अमेरिकी चाकावर 38 घरं, तिथे 5.26. खेळांवरच्या सट्ट्यात ही फट लपलेली असते. बराबरीच्या सामन्यावर 100 जिंकण्यासाठी 110 लावायला सांगतात. म्हणजे निव्वळ तोटा टाळायचा असेल तरी तुमचे अंदाज 52.4 टक्के वेळा बरोबर यायला हवेत. तीन-चार सामन्यांचे निकाल एकत्र जोडून लावण्याच्या पैजा ते इतक्या हौसेने विकतात, कारण प्रत्येक जोडीबरोबर ती फट गुणली जाते.

पण इथेही माझा मुख्य आक्षेप टक्केवारीवर नाही. जागा, टेबल, दिवे यांचा खर्च असतो, कुणी कमिशन घेतलं तर समजू शकतं. आक्षेप आहे तो ऑनलाइन बुकींच्या एका सर्रास प्रथेवर: सातत्याने जिंकणाऱ्याचं खातं ते आवळतात. त्याला लावता येणारी रक्कम इतकी खाली आणतात की तो कंटाळून निघून जावा. हरणाऱ्याला मात्र बोनस, फुकट पैज, खास सूचना. जाहिरातीत सांगायचं 'तुमच्या ज्ञानाची कसोटी', आणि ज्ञान दिसलं की दार लावून घ्यायचं. कार्दानोच्या मापाने पाहिलं तर ही विषमता चुकून झालेली नाही, धंदाच तिच्यावर उभा आहे. हसलर निदान एका वेळी एकाच बकऱ्याला गाठतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर उभा असतो. 2018 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 चा संघीय कायदा रद्द केला आणि राज्यांना खेळांवरचा सट्टा खुला करायची मुभा मिळाली. त्यानंतर तिथल्या सामन्यांच्या प्रक्षेपणात बुकींच्या जाहिराती नेहमीच्या झाल्या. पूल हॉलमध्ये मुलगा जातो म्हणून ज्यांची झोप उडायची, तेच लोक आता सोफ्यावर बसून फोनवर पुढच्या चेंडूवर पैसे लावतात, आणि त्याला जुगार म्हटलं की तेही उसळतात. सामन्याचा अभ्यास करतो म्हणे.

एक गोष्ट पैज लावणाऱ्यांच्या बाजूनेही मान्य केली पाहिजे, की पैसे लागले की खेळ बदलतो. हरणाऱ्याला काही द्यावं लागणार असेल तर सोपा चेंडूही माणूस दोनदा पाहून मारतो. सरावात कधी न दिसलेला आपला हात तिथे दिसतो. यासाठी मोठी रक्कम लागत नाही. टेबलाचं भाडं पुरतं. ज्याला त्यापेक्षा जास्त लागतं आणि दर महिन्याला आणखी जास्त लागतं, त्याची गोष्ट खेळाची राहिलेली नाही. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 सालच्या आपल्या वर्गीकरणात जुगाराचा विकार दारू-अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी नेऊन बसवला. त्याच्या लक्षणांत एक आहे हरलेले पैसे वसूल करण्यासाठी पुन्हा खेळायला येणं. आणि हे लक्षण कौशल्याच्या खेळात ओळखायला सगळ्यात अवघड, कारण तिथे माणसाकडे तयार उत्तर असतं: 'माझा खेळ सुधारतोय.' रूलेटवर हरलेला असं म्हणू शकत नाही.

पूलपुरतं बोलायचं तर अलीकडे एक चांगली गोष्ट झाली आहे. फार्गोरेट नावाची पद्धत खेळाडूंच्या नोंदलेल्या सामन्यांवरून प्रत्येकाला एक आकडा देते. दोघांच्या आकड्यांत 100 चा फरक म्हणजे सरस खेळाडू कच्च्याच्या दुप्पट रॅक जिंकेल. जो आधी 7 रॅक जिंकेल तो विजयी अशा सामन्यात तो नव्वद टक्क्यांच्या आसपास जिंकणार. आकडा उघड असतो, मग सवलत किती द्यायची हे दोन मिनिटांत ठरतं आणि हातचं राखणं अवघड होतं. यामुळे मजा गेली, असं म्हणणारेही आहेत. त्यांची मजा नेमकी कशात होती, ते त्यांनीच सांगावं.

बुकींच्या बाबतीत असा उघडेपणा आपोआप येणार नाही, तो कायद्यानेच आणावा लागेल, आणि सुरुवात काही ठिकाणी झालीही आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. जे खिशात नाही ते हरण्याची एक वाट बंद झाली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये घोड्यांच्या शर्यतींसाठी 2014 पासून नियम आहे की एका ठरावीक मर्यादेपर्यंतची पैज बुकीने घेतलीच पाहिजे, लावणारा जिंकणारा असला तरी. खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हे यातल्या एकाही नियमाने विचारलेलं नाही. मला पुढचा नियम हवा आहे तो असा: पुढची पैज घेण्याआधी त्या खात्यावर आजवर एकूण किती आले आणि किती गेले, तो आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायचा. खेळाडूच्या कौशल्यावर बुकींचा खरोखर विश्वास असेल, तर त्यांनी याला हरकत घ्यायचं काही कारण नाही.